आमवात असताना ठरवलेलं तडीस कसं न्यायचं? (अभ्यास आणि चालणं)

सायली_कांदिवली

नमस्कार मंडळी. वय ३८, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. त्रास मुख्यतः मनगटं, बोटं आणि पावलांत. औषधं: मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा, शनिवारी रात्री. शिवाय फॉलिक अ‍ॅसिड आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन. सकाळी बोटं मोकळी व्हायला पाऊण तास लागतो. घर कांदिवलीला, नोकरी फोर्टला, प्रवास लोकलने.

दोन गोष्टी ठरवल्या आहेत: मुक्त विद्यापीठातून एम.ए. पूर्ण करायचं आणि रोज अर्धा तास चालायचं. बरं वाटतं त्या दिवशी तासभर चालणं होतं, तीन तास अभ्यास होतो, वर एखादं कपाटही आवरून होतं. मग दोन-तीन दिवस काहीच जमत नाही.

तीन प्रश्न आहेत. किती करायचं ते नेमकं कसं ठरवतात? फ्लेअर (आजार अचानक उसळून दुखणं-सूज वाढते तो काळ) येऊन गेल्यावर पुन्हा कुठून सुरू करायचं? आणि घरच्यांना रोज समजावत न बसता कसं कळवायचं? 'काल तर चालत होतीस' याला उत्तर काय? शक्यतो आकड्यांत सांगा. हिंमत आहे, हिशेब जमत नाही.

परळची_ओटी

सायलीताई, तुमचं गणित चांगल्या दिवशी बिघडतंय. वाईट दिवस हा बहुतेक वेळा त्याचा परिणाम असतो. म्हणून प्रत्येक कामाला कमीत कमी किती हे जसं ठरवायचं, तसंच जास्तीत जास्त किती हेही आधीच ठरवायचं, आणि कितीही बरं वाटलं तरी ती वरची मर्यादा ओलांडायची नाही.

आकडा असा काढा. सात दिवस नेहमीसारखं वागा, मुद्दाम काही सुधारू नका, फक्त नोंद ठेवा. किती मिनिटं चाललात, किती मिनिटं वाचलं-लिहिलं, सकाळचा ताठरपणा किती मिनिटं टिकला, आणि रात्री दुखणं शून्य ते दहामध्ये किती. समजा, चालण्याच्या नोंदी ३०, ०, ५, २५, ०, ०, १० अशा आल्या. बेरीज ७०, सरासरी १०. सुरुवात सरासरीवरून करायची नाही, तिच्या ८० टक्क्यांवरून करायची, म्हणजे ८ मिनिटं. हा तुमचा 'ठरलेला' आकडा. 'किमान' ३ मिनिटं, 'कमाल' १२. ८ मिनिटं ऐकायला फार थोडी वाटतील, पण ती वाईटाकडे झुकलेल्या दिवशीही जमली पाहिजेत, म्हणून ती कमी आहेत.

वाढवायचं आठवड्याला एक मिनिट. आठाचे तीस व्हायला २२ आठवडे लागतील, मधे फ्लेअर आले तर सात-आठ महिने धरा. तीस मिनिटं सलग हवीत असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये शारीरिक हालचालींच्या शिफारशी सुधारल्या, तेव्हा एका वेळी किमान दहा मिनिटं ही जुनी अट काढून टाकली. आठवड्याचं १५० मिनिटांचं माप आहेच, पण ते तुकड्यातुकड्यांत भरलं तरी चालतं.

जास्त झालं की नाही हे ओळखायला दोन तासांचा नियम वापरा. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दोन तासांनीही उतरलं नाही, किंवा दुसऱ्या दिवशी ताठरपणा नेहमीच्या पाऊण तासाऐवजी दीड तास टिकला, तर पुढच्या वेळी पाव भाग कमी करा. सोडू नका, फक्त कमी करा. आणि चालायला निघण्यापूर्वी 'आज जरा जास्त चालायचंय' म्हणून पेनकिलर घेऊ नका. मर्यादा सांगणारी खूणच मग बुजते.

अभ्यासालाही हेच लागू, पण तिथे वाचन आणि लेखन वेगळं मोजा. बोटांच्या दृष्टीने ती दोन वेगळी कामं आहेत. हाताने लिहिणं एका बैठकीत १० मिनिटं, मग १० मिनिटं वाचन, मग पुन्हा लेखन. पेन जाड करा. एसीच्या पाइपावर चढवतात तो काळा फोम हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळतो. त्याचा चार इंचांचा तुकडा पेनवर, तसाच चमच्यावर आणि टूथब्रशवर बसवा. भोक बारीक हवं, सैल झालं तर पेन आत फिरतं आणि पकड आणखी घट्ट करावी लागते. पुस्तक मांडीवर नको, स्टँडवर डोळ्यांच्या थोडं खाली. टिपणांचा पहिला खर्डा फोनवर मराठीत बोलून टाइप होतो, बोटं फक्त दुरुस्तीला वापरा.

मनगटाचा स्प्लिंट (आधाराचा पट्टा), भांड्यांच्या मुठी, ओट्याची उंची हे सगळं ऑक्युपेशनल थेरपीत (ओटी, म्हणजे रोजची कामं झेपतील अशी करून देणारी उपचारपद्धती) येतं. केईएम, शीव आणि नायर या तिन्ही पालिका रुग्णालयांत हा विभाग आहे. (भारतातली या विषयाची पहिली शाळा १९५० साली कमला निंबकरांनी केईएममध्येच सुरू केली. तरीही आमवाताच्या कितीतरी रुग्णांना इथे कुणी पाठवतच नाही, याची खंत वाटते.) आपल्या ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडून (आमवाताच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून) चिठ्ठी मागून घ्या.

अबोली_दादर

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी फक्त ध्येय लिहायचं कसं, याबद्दल लिहिते.

'रोज अर्धा तास चालायचं' यातला 'रोज' हा शब्द काढा. दीर्घ आजारासाठीचा एक स्वव्यवस्थापन कार्यक्रम स्टॅनफर्डमध्ये केट लॉरिग यांनी उभा केला. त्याची सुरुवात सांधेदुखीच्या रुग्णांपासूनच झाली होती. त्यात दर आठवड्याला एक छोटी योजना लिहायची असते: काय, किती, केव्हा, आठवड्यातून किती वेळा. आणि शेवटचा प्रश्न, हे जमेल याची खात्री शून्य ते दहामध्ये किती? सातच्या खाली उत्तर आलं तर योजना बदलायची, स्वतःला रेटायचं नाही. 'आठवड्यातून चार वेळा, ८ मिनिटं, संध्याकाळी साडेसातला, खात्री ८' हे ध्येय झालं.

त्यातही आठवडा हा हिशेबाचा काळ लहान पडतो. तीन दिवसांचा फ्लेअर आला की अख्खा आठवडा नापास. म्हणून मोजणी दोन आठवड्यांची करा: १४ दिवसांत ८ वेळा. सलग दिवस मोजणारी अ‍ॅप याच कारणाने अशा आजारात त्रासदायक ठरतात. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो, आणि तो वाचवण्यासाठी माणूस सुजलेल्या पायाने चालायला जातो. भिंतीवरचं साधं कॅलेंडर घ्या. किमान झालं तर ठिपका, ठरलेलं झालं तर गोल. मोजताना दोन्ही सारखेच धरा.

आणि 'जर-तर' वाक्यं आधीच लिहून ठेवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं यावर बरंच काम आहे. प्रसंग आणि कृती आधीच जोडलेली असली की त्या क्षणी ठरवत बसावं लागत नाही. थकलेल्या माणसाला ठरवणं हेच मोठं काम असतं, म्हणून आपल्याला याचा जास्त उपयोग. उदाहरणार्थ: जर सकाळचा ताठरपणा तासाच्या वर गेला, तर आज फक्त किमान. जर साडेआठपर्यंत घरी पोहोचले नाही, तर लेखन नाही, दहा मिनिटं रेकॉर्डिंग ऐकणं. जर कमाल मर्यादा झाली आणि अजून उत्साह आहे, तर वही बंद करून बाहेरच्या खोलीत जायचं. हे शेवटचं वाक्य सगळ्यात आधी लिहा.

घरच्यांसाठी फ्रिजवर तीन रंगांची चुंबकं. हिरवं, पिवळं, लाल. सकाळी एक लावायचं. पण रंगाचा अर्थ आधी एकदा सगळ्यांनी बसून ठरवा, नाहीतर ते नुसतं गाऱ्हाणं वाटतं. पिवळं म्हणजे कणीक दुसऱ्या कुणीतरी मळायची आणि कुकर दुसऱ्या कुणीतरी उतरवायचा. लाल म्हणजे पोळ्या बाहेरून आणि पाणी दुसऱ्याने भरायचं. पाण्याचं मुद्दाम लिहिते आहे. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पाणी पहाटे येतं आणि तेव्हाच बोटं सगळ्यात आखडलेली असतात. भरलेली बादली उचलण्यापेक्षा नळाला पाइप लावून पिंप जागेवरच भरा. 'काल तर चालत होतीस' याला उत्तर एकच: 'काल हिरवं होतं, आज पिवळं आहे.' त्यापुढे खुलासा द्यायचा नाही.

पश्चिम_रेल्वे_प्रवासी

तुमच्या हिशेबात लोकल कुठेच दिसत नाही. कांदिवलीचा पूल, चर्चगेटचा भुयारी मार्ग, तिथून फोर्टपर्यंतची पायपीट, आणि हे सगळं दोनदा. ऑफिसच्या दिवशी ठरलेली ८ मिनिटं प्रवासातच होऊन जातात. त्या दिवशी वेगळं चालणं ठेवूच नका, प्रवासालाच गोल करा. स्वतंत्र चालणं फक्त सुट्टीला आणि घरून काम असेल त्या दिवशी.

मनगटांना खरा मार बसतो तो तासभर उभ्याने वरची कडी धरून. पास बोरिवलीपासूनचा काढा. कांदिवलीहून उलट एक स्टेशन बोरिवलीला जाऊन तिथून सुटणारी गाडी धरली तर बसायला मिळण्याची शक्यता बरीच वाढते. वीस-पंचवीस मिनिटं जास्त जातील, पण उभ्याने गेलेल्या तासाची किंमत संध्याकाळच्या अभ्यासातून वसूल होते. येताना चर्चगेटलाच गाडी सुटत असल्याने एक गाडी सोडून पुढची घेतली की जागा मिळते. उभं राहावंच लागलं तर कडीला लटकू नका, पार्टिशनला पाठ टेकवा. पिशवी दोन्ही खांद्यांवरची, हातात काही नको. स्टीलचा तीन पुडांचा डबा घरी ठेवा.

मेट्रोने जायचं असेल तर मिनिटांऐवजी गाडीबदल मोजा. डहाणूकरवाडीहून २अ किंवा आकुर्लीहून ७, मग अंधेरीला घाटकोपरची लाइन, मरोळ नाक्याला मेट्रो ३, आणि उतरायचं हुतात्मा चौकात. लिफ्ट आहेत, गर्दीत लोंबकळणं नाही, पण दोन बदलांत चालणं बरंच होतं. गुडघ्यांपेक्षा हातांचा त्रास जास्त असेल त्याला हा मार्ग बरा. तुमच्या पावलांना तो मानवतो का, ते एखाद्या हिरव्या दिवशी बघून घ्या.

सुट्टीच्या चालण्याला जागा अशी निवडा की कुठल्याही क्षणी बसता येईल. शिवाजी पार्कचा कट्टा आणि मरीन ड्राइव्ह यासाठी उत्तम. लांब सरळ रस्त्यावर एका टोकाला पोहोचल्यावर परतीचं चालणं अंगावर येतं. पावसाळ्यात निसरड्या फुटपाथपेक्षा सोसायटीचा पार्किंगमधला फेरा किंवा जिन्याबाहेरचा पॅसेज बरा.

ठाण्याचा_अनिकेत

एक प्रश्न. माझ्या भावाला कोविडनंतर थकवा राहिला आहे. थोडं काम केलं की त्या दिवशी ठीक असतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पार झोपून. त्यालाही आठवड्याला एक मिनिट वाढवायला सांगू का?

परळची_ओटी

अनिकेत, नाही. कृपया थांबा. श्रमानंतर १२ ते ४८ तासांनी उशिरा येणारी अशी घसरण ही वेगळी गोष्ट आहे. एमई/सीएफएसचं (दीर्घकाळ टिकणाऱ्या तीव्र थकव्याच्या आजाराचं) ते मुख्य लक्षण आहे आणि कोविडनंतरच्या थकव्यातही अनेकांना दिसतं. अशा माणसाला ठरलेल्या दराने व्यायाम वाढवत नेला तर प्रकृती आणखी बिघडू शकते. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत एमई/सीएफएससाठी ही वाढीव व्यायामाची पद्धत देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे. त्याचं ध्येय 'वाढवणं' हे नको, 'दोन आठवडे घसरण न होऊ देणं' हे ठेवा. कमाल मर्यादा आहे तिथेच राहू द्या, आणि त्यात मोबाइल, गप्पा, हिशेब ही डोक्याची कामंही धरा. हा प्रकार ओळखणाऱ्या डॉक्टरांना दाखवा.

सायलीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं राहिलं. फ्लेअर चालू असताना गरम, सुजलेल्या सांध्याला विश्रांती द्या, पण पूर्ण बंद नको. दिवसातून एकदा, शेकल्यावर किंवा कोमट पाण्यात, प्रत्येक सांधा दुखणार नाही इतपत हळू फिरवायचा, तीन ते पाच वेळा. फ्लेअर ओसरला की आधीच्या आकड्याच्या निम्म्यावर सुरू करा आणि फ्लेअर जितके दिवस होता साधारण तितके दिवस तिथेच थांबा. नंतर तीन-चार टप्प्यांत मूळ आकडा. हा अंदाजाचा नियम आहे, पण उतावीळपणा रोखायला पुरतो.

योगासनं करत असाल तर एक धोक्याची गोष्ट. आमवात मानेच्या वरच्या मणक्यांतही शिरू शकतो आणि तिथला सांधा सैल पडतो. मान दुखणं, डोक्याच्या मागच्या बाजूला कळ, हाताला मुंग्या यांपैकी काही असेल तर मानेचा एक्स-रे होईपर्यंत शीर्षासन, सर्वांगासन, हलासन बंद. सूर्यनमस्कारात तळवा टेकवून मनगट मागे वाकवणंही नको, भिंतीला हात टेकवून करा.

औषधांची_वही

थोडं औषधांच्या बाजूने. मेथोट्रेक्सेटचा दिवस हा नियोजनातला ठरलेला खड्डा समजा. अनेकांना गोळीनंतरचा दिवस मळमळीचा आणि जड जातो. तुमची गोळी शनिवारी रात्री, म्हणजे अभ्यासाला मिळणारा रविवारच हातचा जातो. गोळीचा वार बदलता येतो, पण तो डॉक्टरांना विचारून बदला, मनाने मागे-पुढे करू नका. आणि घरात सगळ्यांना माहीत असू द्या: ही गोळी आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं. डब्यावर वार मोठ्या अक्षरात लिहा.

रक्ततपासण्या (हिमोग्लोबिन आणि पेशी, यकृत, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन) आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनसाठीची डोळ्यांची तपासणी त्याच कॅलेंडरवर टाका. अर्धा दिवस तपासणीत जाणार असेल तर त्या दिवशी फक्त किमान.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सलग तीन आठवडे निम्म्याहून जास्त दिवस किमानावरच जात असतील, तर नियोजनात बदल करत बसू नका. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आजार आटोक्यात नसेल तर तीन महिन्यांत सुधारणा दिसावी आणि सहा महिन्यांत उद्दिष्ट गाठावं, नाहीतर औषध बदलावं, अशी उपचारांची दिशा असते. 'बऱ्यापैकी आटोक्यात' म्हणजे नेमकं किती, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. थकव्यामागे अ‍ॅनिमिया, थायरॉइड, अपुरी झोप किंवा नैराश्यही असू शकतं. आणि ताप, तोंडात फोड, नव्याने कोरडा खोकला किंवा दम, एकच सांधा अचानक लाल-गरम, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर. तिथे किमान-कमाल काही नाही.

सायली_कांदिवली

सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला खर्डा टाकते, चुका काढा.

चालणं: ऑफिसच्या दिवशी प्रवास हेच चालणं. शनिवार, रविवार आणि बुधवारी (घरून काम मिळालं तर) ३ / ८ / १२ मिनिटं, सकाळी साडेसातला.
अभ्यास: १४ दिवसांत ८ वेळा. किमान १० मिनिटं ऐकणं, ठरलेलं २५ मिनिटं, कमाल ५० मिनिटं दोन तुकड्यांत.
खात्री: चालणं ८, अभ्यास ६.
गोळीचा वार पुढच्या भेटीत विचारणार. फ्रिजसाठी चुंबकं आणली आहेत.

अबोली_दादर

अभ्यासाची खात्री सहा, म्हणजे योजना अजून मोठी आहे. ८ ऐवजी ६ वेळा करा, पुन्हा आकडा विचारा. घरून कामाचा बुधवार तोंडी मागू नका. डॉक्टरांच्या पत्रासह लेखी अर्ज द्या आणि त्यात फक्त दोन गोष्टी मागा: ठरलेला एक दिवस घरून, आणि सकाळी अर्धा तास उशिरा हजेरी. नेमकी मागणी मान्य करणं वरिष्ठांनाही सोपं जातं.

परीक्षेचा विचार आत्ताच करा. लिहायला अडचण असल्याचं शासकीय वैद्यकीय प्रमाणपत्र असेल तर लेखनिक किंवा तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ अशी सवलत सरकारी मार्गदर्शक सूचनांत आहे. आमवात हे नाव २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांच्या यादीत नाही. सांध्यांना इजा झाली असेल तर ते चलनवलनाच्या दिव्यांगत्वात मोजलं जातं. अभ्यासकेंद्रात फॉर्म भरतानाच विचारा, हॉलतिकीट आल्यावर धावपळ करून उपयोग होत नाही.

परळची_ओटी

दोन दुरुस्त्या. चालणं सकाळी साडेसातला नको, तेव्हा तुमचा ताठरपणा जेमतेम उतरलेला असेल. साडेनऊ किंवा संध्याकाळ ठेवा. आणि गोळीचा वार बदलेपर्यंत रविवारी फक्त किमान.

दुसरं म्हणजे या खर्ड्यात घरकामाला कमाल मर्यादाच नाही. पहिल्या पोस्टमध्ये कपाट होतं, ते इथून गायब आहे, आणि तेच तुमची सगळी शक्ती खातं. लिहा: जादा घरकाम दिवसाला एकच, २० मिनिटांचा गजर लावून, बसून. पोळ्या लाटताना उंच स्टूल, कणीक फूड प्रोसेसरमध्ये, गरम भांडं दोन्ही तळव्यांवर पेलून. गणपती आणि दिवाळीचे आठवडे कॅलेंडरवर आत्ताच रंगवून ठेवा. त्या आठवड्यांत अभ्यास आणि चालणं दोन्ही किमानावर, आणि १४ दिवसांचा हिशेब ते संपल्यावर सुरू.